धुळीचा माग

डिसेंबरातल्या एखाद्या सकाळी खिडकीच्या कट्ट्यावरून ओलं पांढरं फडकं एकदाच फिरवा आणि उजेडात धरून पाहा. वरवर सगळी धूळ एकसारखी वाटते. नीट पाहिलं की त्यात राखाडी, पिठासारखा थर दिसतो, मध्येमध्ये तांबूस मातकट कण दिसतात आणि बोटाने चोळलं की पसरत जाणारी काळी, चिकट काजळी दिसते. ही तीन ठिकाणांहून आलेली धूळ असते. राखाडी धूळ बहुधा बांधकामाची, तांबूस रस्त्याची आणि मातीची, काळी कुठल्यातरी जळण्याची.

मुंबईच्या पूर्व उपनगरात आमच्या शेजारच्या प्लॉटवर पुनर्विकासाचं काम सुरू झालं त्या हिवाळ्यात आईचा दमा बळावला. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, “घराजवळ काय चालू आहे?” मी म्हटलं, “प्रदूषण फार वाढलंय.” त्यांनी पुन्हा विचारलं, “कसलं?” मला सांगता आलं नाही. तेव्हापासून मी धुळीचा माग काढायला शिकलो. एक गोष्ट मला पक्की कळली. “हवा खराब आहे” ही तक्रार कुणालाच घेता येत नाही. “रात्री अकरानंतर ताडपत्री न टाकता डंपर बाहेर पडतात” ही तक्रार मात्र कुणालातरी घ्यावीच लागते. म्हणून आधी उगम ओळखा. तो कसा ओळखायचा आणि ओळखल्यावर काय करायचं, ते मुंबई डोळ्यांसमोर ठेवून सांगतो. पुणे, ठाणे, नागपूरच्या वाचकांनी आपापल्या शहरातले वारे आणि हंगाम त्या जागी घालावेत.

एक खूणगाठ सुरुवातीलाच बांधून ठेवा : फोडण्या-घासण्यातून जाड धूळ निघते, जळण्यातून बारीक. हवेतल्या कणांची मापं आपण बातम्यांत ऐकतो. पीएम १० म्हणजे १० मायक्रोमीटर किंवा त्याहून लहान कण आणि पीएम २.५ म्हणजे अडीच मायक्रोमीटर किंवा त्याहून लहान. माणसाच्या केसाची जाडी साधारण ५० ते ७० मायक्रोमीटर धरली, तर हे कण किती सूक्ष्म असतील ते कळतं. जाड धूळ बरीचशी नाकात, घशात अडकते. शिंका येतात, खोकला येतो. अडीच मायक्रोमीटरच्या खालचे कण मात्र फुप्फुसाच्या तळाशी, वायुकोशांपर्यंत जातात आणि त्यांतले अतिसूक्ष्म कण रक्तातही उतरू शकतात. हे कण कट्ट्यावर लवकर बसत नाहीत, कित्येक दिवस हवेत तरंगत राहतात. त्यामुळे फडकं स्वच्छ निघालं म्हणजे हवा स्वच्छ, असा अर्थ काढू नका. फडक्याचा उपयोग आसपासचे उगम ओळखायला, हवेची पातळी मोजायला नव्हे.

आता वारा. शाळेत खारे वारे आणि मतलई वारे शिकलो होतो, ते मुंबईत रोज उपयोगी पडतात. दुपारी समुद्रावरून येणारा खारा वारा शहराची हवा हलवतो. रात्री जमीन लवकर थंड होते आणि मतलई वारा जमिनीकडून समुद्राकडे मंदपणे वाहू लागतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारीत या खेळात दोन अडचणी येतात. खारा वारा दुपारी उशिरा सुरू होतो आणि रात्री जमिनीलगतची हवा वरच्या हवेपेक्षा गार होते. याला भूगोलाच्या पुस्तकात तापमानाची विपरीतता म्हणतात. गार हवा जड असते, ती वर जात नाही. भांड्यावर झाकण ठेवल्यासारखं होतं आणि रात्रभरात जे काही जळलं, उडालं ते खालीच साचतं. पहाटेचं धुरकं ते हेच. पावसाळ्यात तेवढेच उगम चालू असूनही हवा चांगली असते, कारण पाऊस कण खाली आणतो आणि नैर्ऋत्येचा वारा उरलेलं वाहून नेतो.

यातून पहिला व्यावहारिक सल्ला. हिवाळ्यात पहाटे साडेपाच-सहाचं फिरणं आरोग्यदायी समजू नका. ऊन चढून झाकण उठेपर्यंत थांबा. दमा, हृदयविकार असलेल्यांनी आणि लहान मुलांना सरावाला नेणाऱ्यांनी सकाळी नऊनंतरची किंवा दुपारी वारा सुटल्यानंतरची वेळ निवडावी. ज्येष्ठ मंडळींना ही सवय मोडणं अवघड जातं, मला ठाऊक आहे. आईला पटवायला आम्हाला अख्खा महिना लागला. पटवलं ते आकड्यांनी, एकच ठिकाण सकाळी सहाला आणि दुपारी तीनला मोजून दाखवून.

बांधकामावर जरा थांबू या, कारण आजच्या मुंबईत दाराबाहेर पडल्याबरोबर भेटणारा उगम हाच आहे. जुनी इमारत पाडणं, खोदकाम, सिमेंट-वाळू उतरवणं, फरशी आणि दगड कापणं, राडारोडा भरून नेणं अशा प्रत्येक टप्प्याची धूळ वेगळी असते. पाडकामात जुना गिलावा आणि विटांचा चुरा उडतो. खोदकामात माती. फरशी-ग्रॅनाइट कापताना उडणारी बारीक पांढरट भुकटी सगळ्यांत वाईट, कारण तिच्यात स्फटिकरूप सिलिका असते आणि तिने फुप्फुसं कायमची निकामी होतात. तिथे उभ्या असलेल्या कामगाराच्या तोंडाला फार तर रुमाल बांधलेला असतो. धुळीचा हिशेब मांडताना सगळ्यांत आधी तो माणूस आठवायला हवा. आपण भिंतीपलीकडे असतो, तो धुळीच्या आतच असतो.

मुंबई महानगरपालिकेने ऑक्टोबर २०२३मध्ये बांधकामांसाठी सविस्तर नियम काढले. त्यातले डोळ्यांनी तपासता येणारे सांगतो. ७० मीटरपेक्षा उंच इमारतीच्या कामाभोवती ३५ फूट उंच पत्रे हवेत. बांधकाम चालू असलेली इमारत ओल्या हिरव्या कापडाने, गोणपाटाने किंवा ताडपत्रीने झाकलेली हवी. पाडताना आणि माल चढवता-उतरवताना पाणी मारायला हवं. गाड्यांवर ताडपत्री हवी, आणि गेटमधून बाहेर पडण्याआधी चाकं धुतली गेली पाहिजेत.

या शेवटच्या नियमाकडे बारकाईने पाहा. गेटसमोरच्या रस्त्यावर दोन समांतर मातकट पट्टे दिसत असतील आणि ते वळण घेत पुढे पन्नास-शंभर पावलं जात असतील, तर चाकं धुतली जात नाहीत. ही माती सकाळी ओली असते. दुपारी वाळते, मग प्रत्येक रिक्षा आणि प्रत्येक बस ती दळून बारीक करते आणि उडवते. साइटवर कितीही पाणी मारलं तरी हे दोन पट्टे साइट रस्त्यावर आणून ठेवतात. आम्ही आमच्या गल्लीत जे फोटो काढले त्यांत पत्र्यांचे, क्रेनचे वगैरे बरेच होते. उपयोगी पडला तो या पट्ट्यांचा, कारण त्यात गेट, माती आणि रस्ता एकाच चौकटीत होते.

धूळ बांधकामाची की मातीची, असा संशय असेल तर घरगुती चाचणी आहे. थोडी धूळ बशीत घेऊन तिच्यावर लिंबाचे चार थेंब पिळा. चुनखडी, संगमरवर, जुना गिलावा यांचा अंश असेल तर बारीक बुडबुडे उठतात. मातीत सहसा उठत नाहीत. हा प्रयोगशाळेचा पुरावा नव्हे, पण कुठल्या दिशेने शोधायचं ते कळतं. रेल्वेमार्गालगत राहणाऱ्यांनी कागदावर धूळ पसरून खालून लोहचुंबक फिरवावं. चाकं, रूळ आणि ब्रेक यांच्या घर्षणातून सुटलेले लोखंडाचे कण कागदावर सरकताना दिसतात.

रस्त्याची धूळ हा उगम लोकांच्या लक्षातच येत नाही, कारण त्याला धूर नसतो. टायर झिजतात, ब्रेकची पॅड झिजतात, डांबर आणि काँक्रीट झिजतं, रस्त्याकडेची माती येते. हे सगळं रस्त्यावर पडतं आणि पुन्हा पुन्हा उडतं. विजेवर चालणारी गाडी घेतली की धुराड्याचा धूर गेला, हे खरं आणि चांगलंच. पण टायरची झीज आणि रस्त्यावरची धूळ उडणं तिनेही थांबत नाही. केबल, पाणी, गॅस यांसाठी खोदलेला चर नुसत्या मातीने बुजवून महिनोन्‌महिने तसाच ठेवला तर तो त्या गल्लीपुरता धुळीचा कारखानाच होतो. त्याची तक्रार “खड्डा” म्हणून करू नका. “बुजवलेला पण पृष्ठभाग न केलेला चर” असं लिहा आणि त्याची अंदाजे लांबी द्या.

झाडलोटीचंही तसंच. कोरडा झाडू मारला की बसलेली धूळ उठून नाकाच्या उंचीवर येते. सोसायटीच्या आवारात झाडण्याआधी पाण्याचा हलका शिडकावा करायला सांगा. पाणी वाया जाईल म्हणून कुणी अडवलं तर टाकीच्या ओव्हरफ्लोचं किंवा आरओचं सोडलेलं पाणी वापरा. झाडणाऱ्या ताईंना चांगला मास्क सोसायटीच्या खर्चाने द्या. घरातही झाडूआधी ओलं फडकं.

आता जळण्याकडे येऊ. बारीक कण इथून येतात, त्यामुळे दिसायला लहान असलेली आगही मोठी समजावी. मुंबईत देवनारच्या कचराभूमीवर १९२७पासून कचरा टाकला जातोय. जानेवारी २०१६मध्ये तिथे लागलेली आग कित्येक दिवस धुमसत होती आणि तिचा धूर उपग्रहाच्या छायाचित्रांत दिसला होता. अशी आग बातमीत येते. आपल्या गल्लीच्या टोकाला रात्री दोन वाजता पेटवलेला प्लॅस्टिकसकटचा ढीग येत नाही. हिवाळ्यात वॉचमन शेकोटी करतात, त्यात प्लायवूडचे तुकडे, रंगवलेल्या चौकटी, पिशव्या, जे हाताला लागेल ते घालतात. त्यांना रागावण्यात अर्थ नाही, त्यांना थंडी वाजते. आमच्या सोसायटीने केबिनमध्ये छोटा विजेचा हीटर आणि दोन चांगल्या गोधड्या दिल्या आणि शेकोटी बंद झाली. खर्च एका कुटुंबाच्या महिन्याच्या मेंटेनन्सपेक्षा कमी आला. उघड्यावर कचरा जाळण्याबद्दल राष्ट्रीय हरित लवादाने डिसेंबर २०१६मध्ये साध्या प्रकारात ५,००० रुपये आणि मोठ्या प्रमाणावर जाळल्यास २५,००० रुपये दंड ठरवलेला आहे. वाळलेली पानं जाळणारेही यात येतात. पानं कोपऱ्यात खड्डा करून कुजवा, खत होईल.

पावाच्या भट्ट्यांचा विषय मुंबईकराच्या जिवाजवळचा आहे, त्यामुळे तो जपून बोलतो. लाकडी भट्टीतला पाव आपण लहानपणापासून खाल्ला. पण कित्येक बेकऱ्यांत सरपण म्हणून जुन्या फर्निचरचं भंगार लाकूड वापरलं जात आलं आहे. रंग, पॉलिश आणि प्लायवूडचा डिंक त्याच्यासोबत जळतो, आणि भट्टी बहुतेकदा वस्तीच्या मधोमध, बुटक्या धुराड्याची असते. मुंबई उच्च न्यायालयाने ९ जानेवारी २०२५ रोजी लाकूड-कोळशावरच्या बेकऱ्यांना आणि तंदूरवाल्यांना सहा महिन्यांत गॅस किंवा अन्य स्वच्छ इंधनाकडे वळायला सांगितलं. हा बदल योग्यच आहे असं माझं मत आहे, आणि छोट्या बेकरीवाल्याला त्यासाठी मदत मिळाली पाहिजे असंही. तुमच्या खिडकीत पहाटे तीन ते सहाच्या दरम्यान जळक्या लाकडाचा वास येत असेल तर आसपास भट्टी शोधा. तक्रारीआधी बेकरीमालकाशी बोला. बहुतेक जण ऐकून घेतात.

वाहनांचा धूर रंगावरून ओळखायला शिका. काळा धूर म्हणजे डिझेल नीट जळत नाही, गाळण्या आणि इंजेक्टर पाहायला हवेत. निळसर धूर म्हणजे इंजिन ऑइल जळतंय. जुन्या दुचाकीत हे फार दिसतं. थंडीत गाडी सुरू करताना क्षणभर दिसणारी पांढरी वाफ बहुधा पाण्याची असते, तिची काळजी नको. देशात १ एप्रिल २०२०पासून बीएस-६ इंधन आलं आणि पेट्रोल-डिझेलमधल्या गंधकाची मर्यादा दहा लाखांत ५० भागांवरून १० भागांवर आली. इंधन सुधारलं, पण जुनी इंजिनं रस्त्यावर आहेतच. सोसायटीचा डिझेल जनरेटरही इंजिनच आहे. त्याचं धुराडं पहिल्या मजल्याच्या खिडकीसमोर तर नाही ना, हे आज संध्याकाळी खाली उतरून पाहा.

चेंबूर, माहुल, तुर्भे भागात तेलशुद्धीकरण, खत आणि वीजनिर्मिती हे सगळं एकमेकांना लागून आहे. तिथल्या रहिवाशांना वेगळं सांगायची गरज नाही. इतरांनी एवढं लक्षात घ्यावं की धुराड्यातून बाहेर पडताना जे वायू असतात ते पुढे कण होतात. सल्फर डायऑक्साइड आणि नायट्रोजनचे ऑक्साइड हवेतल्या अमोनियाशी मिळून सल्फेट आणि नायट्रेटचे सूक्ष्म कण बनतात. हा अमोनिया गटारं, कचरा, गोठे, खत यांतून येतो. अशा कणांना एकच पत्ता नसतो. ते रस्त्यावर झाडू मारून किंवा पाणी फवारून जात नाहीत, मूळ वायूच कमी करावा लागतो. चौकाचौकांत पाण्याचे फवारे उडवणाऱ्या गाड्या पाहून समाधान मानू नये, ते यामुळेच.

काही धूळ आपली नसतेच. २३ जानेवारी २०२२च्या सुमाराला पाकिस्तानकडून अरबी समुद्रावरून आलेल्या धुळीने मुंबई झाकोळून गेली होती. आकडा अचानक चढला, सगळ्या उपनगरांत एकदम चढला आणि आकाश पिवळट-राखाडी दिसलं, तर शेजारच्या बिल्डरला फोन करण्याआधी बातम्या पाहा.

आणि काही धूर आपल्याच घरातला असतो. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात डासांची एक कॉइल पूर्ण जळताना ७५ ते १३७ सिगारेटींइतके बारीक कण सोडते असं आढळलं होतं. दारं-खिडक्या बंद करून लहान मुलाच्या पाळण्याखाली कॉइल लावणारी घरं मी पाहिली आहेत. जाळी आणि मच्छरदाणी हा उपाय जुना आहे आणि चांगला आहे. उदबत्ती-धूप लावा, पण खिडकी उघडून, आणि देवघर झोपायच्या खोलीत असेल तर एकच लावा. फोडणीला तेल धुरावेपर्यंत थांबू नका, एक्झॉस्ट पंखा फोडणीच्या आधी सुरू करा आणि स्वयंपाक झाल्यावरही दहा मिनिटं चालू ठेवा.

आता आकडा वाचायचा कसा. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचं ‘समीर’ ॲप आणि पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचं ‘सफर’ इथे आपल्या भागाची माहिती मिळते. हवा गुणवत्ता निर्देशांक ५०पर्यंत चांगला, १००पर्यंत समाधानकारक, २००पर्यंत मध्यम, ३००पर्यंत वाईट, ४००पर्यंत अतिवाईट आणि त्यापुढे गंभीर. ‘मध्यम’ या शब्दाने फसू नका. निर्देशांक १००च्या वर गेला की दम्याच्या रुग्णाला त्रास होऊ शकतो. पीएम २.५ची आपल्याकडची २४ तासांची मर्यादा घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम आहे, जागतिक आरोग्य संघटनेची २०२१पासूनची मर्यादा १५ आहे. वेगवेगळ्या ॲपवर वेगळे आकडे दिसून लोक गोंधळतात, त्याचं कारण साधं आहे : काही ॲप अमेरिकेची मोजपट्टी वापरतात. पीएम २.५ साठ असेल तर आपल्या पट्टीवर १०० दिसतं, अमेरिकी पट्टीवर दीडशेच्या पुढे. एक ॲप निवडा आणि तेच पाहत राहा.

उगम शोधणाऱ्याने मायक्रोग्रॅममधले दोन आकडे शेजारी ठेवावेत. पीएम १० भरपूर आणि पीएम २.५ त्याच्या निम्म्याहून बरंच कमी असेल तर धुळीचा जोर आहे, बांधकाम आणि रस्ते पाहा. पीएम २.५ निम्म्याहून जास्त असेल तर धुराचा जोर आहे, जळणं पाहा. मात्र ‘समीर’मध्ये प्रत्येक घटकाचा उपनिर्देशांक दिसतो, मायक्रोग्रॅम नव्हे. ही तुलना करताना ते ध्यानात ठेवा.

मास्क घालायचा तर एन-९५, आणि तो गालांना सगळीकडून चिकटला पाहिजे. रुमाल किंवा कापडी मास्क जाड धूळ अडवतो, बारीक कण नाही. हवा शुद्ध करणारं यंत्र घेणार असाल तर खोलीच्या आकारमानाला पुरेसं आहे ना ते पाहा, त्यात हेपा गाळणी हवी. ते लावून खिडकी उघडी ठेवली तर पैसे वाया. घरात कुणी आजारी नसेल तर मी आधी ते पैसे सोसायटीच्या ओल्या झाडलोटीवर आणि वॉचमनच्या हीटरवर घालीन.

तक्रारीसाठी एक वही करा. चार रकाने पुरतात : तारीख-वेळ, काय दिसलं किंवा कसला वास आला, वारा कुठून होता, फोटो आहे का. वाऱ्यासाठी दोरीवर वाळत घातलेला ओढणीसारखा हलका कपडा पुरेसा आहे. दोन आठवडे लिहिलं की उगम आपोआप पुढे येतो. आमच्या वहीत अकरा नोंदी रात्री साडेअकरा ते दोनच्या निघाल्या, सगळ्या एकाच गेटच्या. मुंबईत महापालिकेच्या १९१६ क्रमांकावर तक्रार नोंदवा, तक्रार क्रमांक मागून घ्या आणि तोच क्रमांक घालून वॉर्ड ऑफिसात लेखी पत्र द्या, पोच घ्या. कारखान्याचा धूर असेल तर महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे. पत्र एका पानाचं, एका उगमाबद्दल, एका मागणीचं असावं. आमच्या पत्रात मागणी होती, “गेटवर चाकं धुण्याची सोय करावी.” सोबत तीन फोटो आणि वहीचं एक पान जोडलं, आणि सह्या चोवीस घरांच्या.

दोन पत्रांना काहीच झालं नाही. तिसरं पत्र आम्ही वॉर्ड ऑफिसात स्वतः नेऊन दिलं, अधिकाऱ्याला गेटवर यायची विनंती केली आणि तो आला. आठवड्याभरात गेटच्या आत खड्डा खणून, खडी टाकून, पाण्याचा पाइप बसवला गेला. बाहेर पडणारा प्रत्येक डंपर आता तिथे थांबतो, एक मुलगा पाइपने चाकं धुतो. आई गॅलरीत बसून ते मोजते आणि न धुता गेलेल्या गाडीचा नंबर वहीत लिहिते.